मुदत ठेव: फलकावरचा दर आणि हातात पडणारे व्याज

मुदत ठेव म्हणजे ठेवीदाराने बँकेला ठरावीक काळासाठी, ठरलेल्या दराने दिलेले कर्ज. भारतातल्या बँकांमध्ये ही मुदत साधारणपणे ७ दिवसांपासून १० वर्षांपर्यंत असते. पावती केली त्या दिवशीचा दर मुदत संपेपर्यंत बदलत नाही, मग बाजारातले दर खाली जावोत की वर. निवृत्तीची रक्कम, शेत किंवा घर विकून आलेले पैसे, मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेली पुंजी असा पैसा बहुतेक घरांत सर्वांत आधी पावतीतच जातो. ते गैर नाही. मात्र पावती करताना ठेवीदार सहसा एकच प्रश्न विचारतो, दर किती? त्या दरातून शेवटी हातात काय पडणार, हे ठरवणाऱ्या बाकीच्या गोष्टींची चौकशी फारशी होत नाही, आणि सामान्य माणसाचे नुकसान तिथेच होते.

सुरुवात दरापासूनच करावी लागते. पावती दोन प्रकारची असते. एकीत व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला बचत खात्यात जमा होते, तर दुसरीत ते मुद्दलात मिळवले जाते आणि पुढे त्यावरही व्याज चढते. बँका बहुधा तिमाही चक्रवाढ धरतात. त्यामुळे ७ टक्के दराने १ लाख रुपये ५ वर्षे ठेवले तर मुदतीअखेर सुमारे १,४१,४७८ रुपये मिळतात. एखादी बँक हेच ४१,४७८ रुपये ५ वर्षांनी भागून ‘वार्षिक ८.३० टक्के’ असा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापते. आकडा खोटा नसतो, पण तो व्याजदर नव्हे. दोन बँकांची तुलना करायची तर मूळ दर आणि चक्रवाढीचा काळ, एवढेच पाहावे. दरमहा व्याज घेणाऱ्याला तिमाहीवाल्यापेक्षा किंचित कमी व्याज मिळते, कारण बँक ते पैसे आधी देते.

मुदतीआधी पावती मोडली तर ठरलेला दर मिळत नाही. पैसे प्रत्यक्षात जितका काळ बँकेत राहिले, त्या काळासाठी पावती करताना जो दर होता तो लावला जातो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. म्हणून मोठी रक्कम एकाच पावतीत अडकवण्यापेक्षा तिच्या वेगवेगळ्या मुदतीच्या चार-पाच पावत्या करणे शहाणपणाचे असते. अडचण आली तर एखादीच मोडावी लागते. थोड्या दिवसांची गरज असेल तर पावतीवर कर्ज मिळते. ते पावतीच्या रकमेच्या ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि त्याचा दर पावतीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असतो. कलम ८०सी खाली करबचतीसाठी केलेली ५ वर्षांची पावती मात्र मोडताही येत नाही आणि तारणही ठेवता येत नाही. नवी करप्रणाली घेणाऱ्याला ८०सीची वजावटच मिळत नाही, त्यामुळे त्याने अशी पावती करण्यात काही अर्थ उरलेला नाही. तरीही मार्च महिन्यात सवयीने ती करणारे लोक असतात.

यानंतर येतो कर, आणि सर्वाधिक घोटाळा इथेच आहे. बँक व्याजातून टीडीएस कापते. कापला म्हणजे कर भरून झाला आणि कापला नाही म्हणजे कर लागू नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. टीडीएस ही सरकारने आगाऊ घेतलेली उचल आहे. खरा कर वर्षभराचे सगळे उत्पन्न एकत्र करून, ज्याच्या त्याच्या टप्प्याप्रमाणे ठरतो, आणि पावतीचे व्याज त्या उत्पन्नात पूर्णपणे मिळवावे लागते.

पुढचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. त्या वर्षी एका बँकेतल्या सर्व शाखांमधले मिळून ठेवींचे व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेले तर १० टक्के टीडीएस कापला जातो. साठी ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा १ लाख रुपये आहे. मर्यादा ओलांडली की कपात फक्त वरच्या रकमेवर होत नाही, ती संपूर्ण व्याजावर होते. बँकेत पॅन नोंदवलेला नसेल तर दर २० टक्के होतो. चक्रवाढ पावतीचे व्याज हातात पडलेले नसले तरी बँक ते दरवर्षी हिशेबात धरते, त्यावर टीडीएस कापते आणि आयकर खात्याला कळवते. ते वार्षिक माहिती विवरणपत्रात दिसत असते. म्हणून असे व्याज दरवर्षीच्या विवरणपत्रात दाखवत जाणे सोयीचे पडते. पाच वर्षांचे व्याज शेवटी एकदम दाखवले की त्या वर्षीचे उत्पन्न फुगते आणि आधीच्या वर्षांत कापलेल्या टीडीएसचा मेळ बसत नाही.

नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. त्यापुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के, १६ लाखांपर्यंत १५ टक्के आणि २० लाखांपर्यंत २० टक्के असे टप्पे चढत जातात. २४ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर ३० टक्के कर बसतो. एकूण करावर ४ टक्के उपकर असतो. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतची करसवलत मिळून कर शून्य होतो. पगारदाराला आणि निवृत्तिवेतनधारकाला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट याआधीच मिळालेली असते.

समजा, एका निवृत्त शिक्षिकेला वर्षाला ५,४०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते आणि एकाच बँकेतल्या पावत्यांचे १,८०,००० रुपये व्याज येते. प्रमाणित वजावट गेल्यावर तिचे करपात्र उत्पन्न ६,४५,००० रुपये राहते. त्यावरचा १२,२५० रुपये कर सवलतीत पूर्ण माफ होतो. बँकेने मात्र १८,००० रुपये कापलेले असतात. विवरणपत्र भरले तरच ते परत मिळतात. न भरणाऱ्या असंख्य ज्येष्ठांचे असे पैसे सरकारकडे पडून राहतात, याची खंत वाटते, कारण बहुतेकांना ते आपले आहेत हेच माहीत नसते. यावर सोपा उपाय होता तो १५एच अर्जाचा. वर्षाचा एकूण कर शून्य येणार असेल तर साठीपुढच्या व्यक्तीने एप्रिलमध्येच हा अर्ज बँकेत दिला की टीडीएस कापला जात नाही. साठीच्या आतल्यांसाठी १५जी असतो, पण त्याला आणखी एक अट आहे. अशा व्याजाची एकूण रक्कमही करमुक्त मूळ मर्यादेच्या आत असावी लागते. हे अर्ज दरवर्षी आणि प्रत्येक बँकेत वेगळे द्यावे लागतात. कर लागू असताना खोटा अर्ज देणे हा गुन्हा आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ ने घेतली असल्याने त्यापुढच्या व्याजासाठी कलमांचे आणि अर्जांचे नवे क्रमांक पाहून घ्यावेत.

आता दुसरी बाजू. एका नोकरदाराचे प्रमाणित वजावटीनंतरचे उत्पन्न ११,८०,००० रुपये आहे. सवलतीमुळे त्याला कर शून्य. त्याच वर्षी पावतीचे ५०,००० रुपये व्याज आले आणि करपात्र उत्पन्न १२,३०,००० झाले. टप्प्यांप्रमाणे कर ६४,५०० रुपये येतो. १२ लाखांच्या थोडे वर गेलेल्यांना कायदा एवढाच दिलासा देतो, की कर वरच्या रकमेपेक्षा जास्त घ्यायचा नाही. म्हणून ३०,००० रुपये कर आणि उपकर धरून ३१,२०० रुपये भरावे लागतात. म्हणजे ५०,००० च्या व्याजातले ३१,२०० करात गेले आणि हाती १८,८०० राहिले. व्याज ५०,००० च्या वर गेले नाही म्हणून बँकेने एक रुपयाही कापलेला नाही. जुलैमध्ये विवरणपत्र भरायला बसल्यावर ही रक्कम एकदम समोर येते. शिवाय वर्षाचा देय कर टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर तो वर्षातच हप्त्यांनी आगाऊ भरायचा असतो, नाहीतर व्याज लागते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना यातून सूट आहे. नोकरदाराने अपेक्षित व्याज कार्यालयाला आधी कळवले तर पगारातूनच जास्तीचा कर कापून घेता येतो. हा सर्वांत बिनत्रासाचा मार्ग आहे.

कर वाचवण्यासाठी गृहिणी असलेल्या पत्नीच्या नावाने पावती करणे सर्रास चालते. पतीने दिलेल्या पैशांची पावती असेल तर तिचे व्याज कायद्याने पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. अज्ञान मुलाच्या पावतीचे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्याकडे जाते. सज्ञान मुलाला किंवा स्वतःच्या आई-वडिलांना दिलेल्या पैशांना हा नियम लागत नाही. ते व्याज त्यांचेच उत्पन्न ठरते आणि तो पैसाही मग खरोखर त्यांचाच होतो, हे विसरता कामा नये.

कराइतकाच सुरक्षिततेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि महाराष्ट्रात तो अधिकच. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेवविमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण १,५०० रुपयांचे होते. १९९३ पासून ते १ लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये आहे. त्याआधी काही महिने, सप्टेंबर २०१९ मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला ठेवीदारांना फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. मुंबईत रांगा लावून उभे राहिलेले ते ठेवीदार अनेकांना आठवत असतील. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली.

५ लाखांची ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून असते. ती दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे मोजली जाते. शाखा बदलून उपयोग नाही, बँक बदलावी लागते. सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पतसंस्थांना तो नाही. नावात ‘सहकारी’ असले, संचालक ओळखीचे असले आणि दर एक-दोन टक्के जास्त असला, तरी पतसंस्थेतल्या पावतीमागे ठेवविमा महामंडळ उभे नसते. कंपन्या घेतात त्या ठेवींचेही तसेच. पतसंस्थेत पैसे ठेवूच नयेत असे कोणी म्हणणार नाही, गावोगावी त्यांनी छोट्या माणसाला कर्जे दिली आहेत. पण आयुष्यभराची पुंजी एका पतसंस्थेत ठेवणे हा धोका आहे आणि एक-दोन टक्क्यांचे जास्तीचे व्याज त्याची पुरेशी किंमत नाही. पतसंस्थेने टीडीएस कापला नाही तरी ते व्याज करपात्रच असते.

कर आणि सुरक्षितता पाहिल्यावर दुसऱ्या साधनांशी तुलना करता येते. ७ टक्क्यांच्या पावतीतून २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकर धरून सुमारे ५.५ टक्के आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला ४.८ टक्के उरतात. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्यच ४ टक्के आहे. २०२०-२१ मध्ये तर महागाईची सरासरी ६ टक्क्यांच्या वर होती आणि मोठ्या बँकांचे दर ५ ते साडेपाचच्या आसपास, म्हणजे कर भरण्याआधीच ठेवीदार मागे पडला होता. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीपीएफचा, ७.१ टक्के दर एप्रिल २०२० पासून आहे. त्याचे व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त असते, त्यामुळे ३० टक्क्यांच्या टप्प्यात ते १०.३ टक्क्यांच्या पावतीइतके पडते. मात्र तिथे वर्षाला दीड लाखांची मर्यादा आणि १५ वर्षांची मुदत आहे. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरलेल्या पैशांवरच त्या महिन्याचे व्याज मिळते, हेही लक्षात ठेवावे. साठीपुढच्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिचा दर २०२५-२६ मध्ये ८.२ टक्के होता, मर्यादा ३० लाखांची, व्याज दर तिमाहीला. ते करपात्र आहे, पण निवृत्तिवेतन नसलेल्या जोडप्याने बँकेच्या पावतीआधी याच योजनेचा विचार करावा. दहा-पंधरा वर्षे न लागणाऱ्या पैशांसाठी समभाग निधीचा विचार होऊ शकतो. तिथे चढउतार सोसावे लागतात, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणाऱ्या पैशांची जागा पावतीतच असते.

पावती कोणाच्या नावाने आहे यासोबत ती नंतर कोणाला मिळणार हेही नोंदवावे लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा वाटा ठरवता येतो. नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण त्यामुळे तो मालक ठरत नाही. हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांचा असतो, म्हणून मृत्युपत्र आणि नॉमिनी यांत विसंगती ठेवू नये. मुदत संपलेली पावती आपोआप नूतनीकरणाची सूचना दिली नसेल तर तशीच पडून राहते आणि तिला बचत खात्याचा किंवा पावतीचा, यांपैकी कमी असेल तोच दर मिळतो. १० वर्षे कोणी दावा केला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. तिथून ती बुडत नाही. वारसांनी बँकेकडे कागदपत्रे दिली की ती व्याजासह परत मिळू शकते. असे पैसे शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले असून ठेवीदाराचे नाव आणि पॅन किंवा जन्मतारखेसारखा तपशील देऊन तिथे अनेक बँकांमधला शोध एकाच वेळी घेता येतो.