मुलकी नियम आणि भाषाशिक्षक

परदेशातील भाषाशिक्षक अमेरिकेत कुशल कामगार या वर्गातून कायम नेमावयाचा, तर अर्ज साधारणतः नेमणाऱ्या संस्थेने करावयाचा असतो. योग्य स्थानिक उमेदवार उपलब्ध नाही, असे श्रमखात्याकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. याच तत्त्वाचे एक जुने रूप कंधारच्या इतिहासात आढळते.

कंधार तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथील १९१९ च्या मुलकी नियमांनुसार सरकारी नोकरी मुख्यतः जन्माने अथवा किमान १५ वर्षांच्या कायम वास्तव्याने ‘मुलकी’ ठरलेल्यांस मिळे. इतरांस विशेष मंजुरी लागे. परिणामी सोलापूरचा मराठी शिक्षक कंधारास परका, तर मराठी न जाणणारा हैदराबादचा रहिवासी मुलकी ठरे. १९४८ नंतर शाळांत मातृभाषेचे माध्यम येऊ लागताच ही विसंगती ठळक झाली. तथापि स्थानिक तरुणांचे गाऱ्हाणेही निराधार नव्हते. १९५२ मध्ये वरंगळ येथे बाहेरच्या शिक्षकांच्या नेमणुकांवरूनच आंदोलन उभे राहिले.

पुढे १९५७ च्या कायद्याने, तेलंगणासारखे काही अपवाद सोडून, निवासाच्या अशा अटी रद्द केल्या. सारांश, वास्तव्याची अट स्थानिकांच्या उपजीविकेचे रक्षण करू शकते. विद्यार्थ्यास त्याच्या भाषेत शिकविणारा कोण, हे मात्र तिच्याने ठरत नाही.