कापसाला शिंगं असतात

ये बाळा, बस. काल तू उसाची पात तोडून आणलीस, अंगणात कागदावर ठेवलीस, मोबाइलला ती चिमट्याची लेन्स लावून फोटो काढलास आणि म्हणालास, "आजोबा, नुसता कापूस दिसतोय." त्या कापसाची गोष्ट सांगतो.

२००२ सालचा पावसाळा. जुलैत सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरं काहीतरी दिसलं, आणि पुढं ते आपल्या प्रवराकाठीही आलं. लोकरी मावा! पानाच्या खालच्या बाजूनं, मधल्या शिरेच्या कडेकडेनं जणू पिंजलेला कापूस चिकटलेला. तो रस शोषायचा. अंगातून गोड चिकटा गाळायचा, तो खालच्या पानांवर पडायचा, आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढून पान काजळी लागल्यासारखं व्हायचं. बेलापूरच्या शिवारात उसावर घर चालतं, त्यामुळे माणसं हबकलीच. फवारणी करावी तर उंच उसात माणूस शिरणार कसा? शिरला तरी औषध पानाखाली पोचायला हवं ना!

तो इतक्या झपाट्यानं वाढतो कसा, ठाऊक आहे? माव्याच्या मादीला नर लागतच नाही. ती एकटीच पिलांना जन्म देते, तीही जिवंत पिलं. त्या पिलांतल्या माद्या थोड्याच दिवसांत आई होतात. काहींना पंख फुटतात आणि त्या वाऱ्यासोबत पुढच्या फडात.

मग लोकांनी ऐकलं, माव्याचाही शत्रू असतो. राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्यापासून काही लांब नाही. तिथली माणसं एका अळीचं नाव घ्यायची, कोनोबाथ्रा. पुढं शास्त्रज्ञांनी तिचं नाव बदलून डिफा केलं, पण शेतकऱ्याच्या तोंडी कोनोबाथ्राच राहिली. एका लहानशा करड्या पतंगाची ही अळी. ती माव्याच्या वस्तीतच रेशमाची जाळी विणते आणि जाळीच्या आडून मावा खाते. दुसरा मित्र मायक्रोमस, जाळीदार पंखांचा तपकिरी कीटक. त्याच्या पिलाचे जबडे विळ्यासारखे. ते माव्यात रुतवायचे आणि रस ओढून घ्यायचा. शेतकरी अळ्या असलेल्या पातीचे तुकडे घेऊन जायचे आणि माव्यानं भरलेल्या फडात पानांना टाचायचे. मला ते सगळ्यात आवडलं. शेतकऱ्यानं किडा मारायला किडाच पाहुणा म्हणून नेला.

आता तुझ्या फोटोकडे येतो. पात तोडलीस तिथंच चुकलं. घरी येईपर्यंत ती हलली, आपटली, वाळायला लागली. कोनोबाथ्राची जाळी फाटली असेल, मायक्रोमस तर पहिल्याच हिसक्याला उडाला असेल. हाती राहिला तो एकटा कापूस.

उद्या सकाळी लवकर जाऊ, वारा पडलेला असताना. पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, उसाची पात कापते. पात देठाला तशीच ठेवून एका हातानं हलकेच उलटी धर. इतक्या जवळून पाहिलं की लेन्सला केसभर जाडीचाच भाग स्पष्ट दिसतो, पुढचं-मागचं सगळं पुसट. म्हणून मोबाइल पातीला समांतर धर, कोपर गुडघ्यावर टेकव, श्वास रोख आणि एकाच्या जागी दहा फोटो काढ. पांढरी लोकर उन्हात नुसती चमकून जाते, म्हणून मी धोतराच्या सोग्याची सावली धरीन. तू मोबाइलमधला उजेडही थोडा कमी कर.

आणि नीट बघ. अगदी बारक्या पिलांवर लोकर नसते. त्यांच्या डोक्यावर समोर दोन शिंगं असतात, खरीखुरी, टोकदार. या जातीचं नावच त्या शिंगांवरून पडलंय. शत्रूनं वस्तीतल्या एका माव्यावर झडप घातली की तो मावा अंगातून धोक्याचा वास सोडतो. तो वास लागताच काही पिलं पळतात आणि काही चक्क शत्रूवर चालून जातात, शिंगं रुतवायला! मोहरीएवढंही नसलेलं पिल्लू, त्याच्यासमोर कित्येक पट मोठी अळी.

ही लढाई कागदावर ठेवलेल्या पातीवर दिसणार नाही. वस्ती जागेवर असेल, जाळी अखंड असेल, शत्रू आणि राखणदार दोघंही तिथं असतील, तरच दिसेल.

तेव्हा कात्री घरी ठेव. फक्त लेन्स घे, आणि पहाटे मला उठव.