मुक्कामाची ताडपत्री घरी कशी शिवावी

जबलपूरचा सदर हा छावणीचा बाजार होय. छावणी म्हटली की तंबू आलाच, आणि या शहराचा तंबूंशी संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ठगांच्या बंदोबस्तानंतर येथे उद्योगशाळा निघाली. तीत माफीचे साक्षीदार झालेले ठग तंबू व गालिचे तयार करीत. आजही याच शहरातील ग्वारीघाटावरून नर्मदेच्या परिक्रमेस निघणाऱ्या पदयात्रिकास सोबत हलके छत असलेले बरे. चातुर्मास संपला तरी पौष-माघात मावठा येतो, आणि थंडीच्या रात्री वस्त्रे भिजली तर शरीराची उष्णता झपाट्याने निघून जाते. असे छत घरच्या शिवणयंत्रावर सहज शिवता येते.

ताडपत्री गळते ती बहुधा कापडातून नव्हे, तर शिवणीतून. सुती कॅनव्हासचे तंतू भिजल्यावर फुगतात व विणीतील फटी बुजवितात. नायलॉन व पॉलिएस्टर यांचे तंतू तसे फुगत नाहीत. म्हणून त्यांच्या कापडास सिलिकोन अथवा पॉलियुरेथेन यांचा लेप देतात. परंतु सुई हा लेप भेदून जाते आणि प्रत्येक टाक्याबरोबर एक छिद्र मागे राहते.

सुमारे ३ मीटर लांबीरुंदीच्या छतासाठी दीड मीटर पन्ह्याचे, प्रत्येकी ३ मीटर लांबीचे दोन तुकडे घ्यावेत. दोन वाकविलेली बोटे जशी परस्परांत अडकवावीत, तशा दोन्ही तुकड्यांच्या कडा दुमडून एकमेकींत गुंतवाव्यात व त्यांवर दोन समांतर टिपा घालाव्यात. छत एकाच बाजूस उतरते बांधावयाचे असल्यास वरच्या तुकड्याची दुमड खालच्यावर यावी. कौले याच रीतीने बसवितात. टाका सुमारे ३ मिलिमीटरचा ठेवावा. टाके फार जवळ पडले तर कापड त्याच रेषेत फाटते. सुई बारीक व दोरा पॉलिएस्टरचा असावा. टाचण्या केवळ दुमडीतच टोचाव्यात.

वाऱ्याचा सर्वाधिक ताण कोपऱ्यांवर येतो. तेथे कापडाचे दुहेरी ठिगळ लावून नवारीच्या पट्टीचा फास शिवावा. चौकट व तीत फुली अशी शिलाई घातली म्हणजे ताण अनेक टाक्यांत विभागला जातो.

शेवटी शिवण बुजवावी. सिलिकोनचा लेप असलेल्या कापडास सिलिकोनचेच लुकण लागते. दुसरे त्यावर टिकत नाही. लुकण पूर्ण वाळल्यावर छत उतरते बांधून खाली कोरा कागद अंथरावा आणि शिवणीवर पाव तास पाणी सोडावे. कागदावर डाग उमटला, तर त्या जागी पुन्हा लुकण भरावे. ही परीक्षा अंगणात झालेली बरी. नदीकाठच्या मुक्कामी मध्यरात्री ती होऊ नये.