मांजराच्या पिलाचा आहार

सातपुडा पर्वत आणि तापी नदी यांच्यामधील सुपीक पट्ट्यात यावल तालुका वसलेला आहे. येथील केळीच्या बागा सर्वश्रुत आहेत. परंतु घराघरांतून ज्वारी, गहू, डाळी यांचा साठाही असतो. जेथे धान्य साठवले जाते तेथे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागोमाग मांजर येते. मनुष्य आणि मांजर यांची सोबत अशी धान्याच्या कोठीपाशी जुळली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. ही सोबत फार जुनी आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी मांजराचेही दफन केलेले आढळले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला.

इतक्या जुन्या सोबत्याविषयी आपले ज्ञान मात्र तोकडेच आहे. घरात मांजराचे पिलू आले की आपण वाटीभर दुधात भाकरी कुस्करून त्याच्यापुढे ठेवतो. पिलू वाटी चाटूनपुसून स्वच्छ करते आणि आपल्याला समाधान वाटते. काही दिवसांनी ते पिलू रोडावते, त्याला हगवण लागते, त्याचे केस निस्तेज होतात. माया तर पुष्कळ केली, मग असे का व्हावे? कारण उघड आहे. आपण त्याला आपले अन्न दिले, त्याचे दिले नाही.

मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याचे तोंड उघडून पाहिले तर ही गोष्ट ध्यानात येते. गाईच्या दाढा रुंद असतात, त्यामुळे ती चारा रवंथ करून बारीक करू शकते. मांजराच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या असून त्या मांस कापण्यासाठी घडलेल्या आहेत. त्याचे आतडेही आखूड असते. गोड चव तर त्याला कळतच नाही. त्या चवीच्या जाणिवेस आवश्यक असलेले एक जनुक मांजरात निकामी झालेले आहे, असे २००५ साली सिद्ध झाले. यावलचे केळे कितीही मधुर असले, तरी त्या माधुर्याचे मांजराला काहीच कौतुक नाही.

मांजराच्या देहाला काही द्रव्ये मांस, मासे, अंडी अशा प्राणिज अन्नातूनच मिळावी लागतात. टॉरिन हे त्यांतील प्रमुख होय. ते पुरेसे न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाऊ शकते, हे १९७५ साली आढळून आले. त्याच्या अभावी हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली कळले. गाजरातील नारिंगी द्रव्यापासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. मांजराच्या शरीराला ते साधत नाही. केवळ वरणभात किंवा दूधभाकरी यांवर मांजराचे पोट भरेल, परंतु पोषण होणार नाही.

पिलाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण त्याची वाढ अतिशय झपाट्याने होते. जन्मतः त्याचे वजन साधारण १०० ग्रॅम असते. आईचे दूध भरपूर मिळाल्यास दोन महिन्यांत ते सुमारे आठपट होते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते मऊ अन्न चाटू लागते आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्याचे दूध सुटते. म्हणून त्यापूर्वी पिलास आईपासून दूर करू नये.

येथे कोणी विचारील, दूध सुटल्यावर गाईचे दूध दिले तर काय बिघडले? मांजराच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने सुमारे दुप्पट असतात. त्यामुळे गाईचे दूध पिलाला अपुरे पडते. शिवाय पिलू मोठे होऊ लागले की दुधातील साखर पचविण्याची त्याची शक्ती कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात राहून हगवण होते. लहानशा देहातील पाणी अशा रीतीने निघून गेले, तर पिलू दगावूही शकते. मांजराला दूध आवडते हे खरे; पण जे आवडते ते मानवतेच असे नाही.

मग त्याला द्यावे तरी काय? कोंबडीचे वा अन्य मांस मीठमसाल्याशिवाय उकडून, हाडे काढून, बारीक तुकडे करून द्यावे. काटे काढून शिजविलेला मासा व उकडलेले अंडे अधूनमधून द्यावे. काळीज पौष्टिक असले तरी थोडेच द्यावे, कारण त्यातील ‘अ’ जीवनसत्त्व फार झाल्यास अपाय होतो. रानात मांजर उंदीर हाडांसकट खाते, म्हणून त्याला चुना, म्हणजेच कॅल्शियम, मिळते. नुसत्या मांसात ते फारच थोडे असते. केवळ मांसावर वाढलेल्या पिलाची हाडे ठिसूळ होऊन वाकतात. यास्तव पशुवैद्याच्या सल्ल्याने ही उणीव भरून काढावी, किंवा मांजराच्या पिलांसाठी मुद्दाम तयार केलेले संपूर्ण खाद्य वापरावे. असे खाद्य आता बाजारात मिळते. त्याच्या वेष्टनावर ते पिलांसाठी आहे की मोठ्या मांजरांसाठी, हे वाचून घ्यावे. पिलाचे पोट लहान असते, म्हणून चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडेथोडे खाऊ घालावे.

काही पदार्थ मात्र कटाक्षाने टाळले पाहिजेत. खानदेशातील वांग्याचे भरीत आपणास प्रिय आहे. पण त्यातील लसूण व कांद्याची पात मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. शिजविलेली हाडे तडकून त्यांचे अणकुचीदार तुकडे घशात वा आतड्यात रुततात. खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार असते. चॉकलेट तर विषच होय. घरात उंदरांसाठी विष ठेवले असेल, तर विष खाल्लेला उंदीर मांजराच्याही जिवावर बेतू शकतो, हे विसरू नये.

उन्हाळ्यात या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मांजराचे पूर्वज रुक्ष प्रदेशातील असल्यामुळे ते स्वभावतः पाणी कमी पिते. म्हणून स्वच्छ पाण्याचे पसरट भांडे सावलीत सदैव भरलेले असावे. उरलेले ओले अन्न अशा दिवसांत लवकर नासते. ते वेळीच उचलून टाकावे.

येथील कित्येक घरांत सामिष अन्न शिजत नाही. त्या घरच्या मुलाने पिलू आणले, तर पेच उभा राहतो. हा पेच खरा आहे आणि त्याचे उत्तर पिलू घरात घेण्यापूर्वीच शोधले पाहिजे. तयार खाद्य घरात ठेवण्यास वडीलधाऱ्यांची संमती असेल, तर प्रश्न सुटतो. ती नसेल, तर ज्या घरी त्याचे नीट पोषण होईल अशा घरी पिलू द्यावे. आपला आहार कोणता असावा, हे ठरविण्याचा आपल्याला अधिकार आहे. मांजराचा आहार मात्र निसर्गाने ठरवून दिला आहे.

शेताच्या बांधावर वा केळीच्या बागेत पिलू सापडल्यास ते लगेच उचलू नये. त्याची आई भक्ष्य शोधावयास गेलेली असण्याचा संभव असतो. कदाचित ते रानमांजराचेही असेल. रानमांजरास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा अशा पिलाची वर्दी वनखात्यास द्यावी. पाळीव मांजराचे पिलू खरोखरच पोरके झाले असेल, तर त्याला ऊब द्यावी आणि विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

आपला आहार योग्य आहे की नाही, हे पिलू स्वतःच सांगते. दर आठवड्यास त्याचे वजन करून वहीत मांडावे. वजन वाढते आहे, केस तुकतुकीत आहेत, डोळे स्वच्छ आहेत आणि ते दोरीच्या टोकामागे आनंदाने धावते आहे, असे दिसले की आपले चुकले नाही असे समजावे. मुक्या प्राण्याला बोलता येत नाही. म्हणून त्याच्यावर माया करणाऱ्याने त्याची गरज जाणून घेणे, हे त्या मायेचे पहिले कर्तव्य आहे.