कर्करोगोत्तर वार्धक्य आणि व्यायाम

कर्करोगाचे उपचार संपले की वृद्ध रोग्यास विश्रांतीचा उपदेश करण्याचा प्रघात दीर्घकाळ चालत आला. त्यामागील सद्भाव नाकारता येत नाही. शास्त्रीय आधार मात्र दुर्बळ आहे. वार्धक्यात स्नायूंचा ऱ्हास स्वभावतःच होत असतो. रासायनिक उपचार आणि शय्यावास त्यास वेग देतात. थकव्यामुळे हालचाल थांबते, ती थांबल्यामुळे स्नायू क्षीण होतात, आणि क्षीण स्नायूंना चार पायऱ्या चढणेही जड जाते. निव्वळ विश्रांतीने हे चक्र तुटत नाही.

व्यायामाने थकवा आणि चिंता कमी होतात, हे २०१९ पूर्वीच बऱ्याच अंशी मान्य झाले होते. त्याने आयुष्य वाढते काय, हा प्रश्न अधिक बिकट होता. कारण जो मुळात सशक्त तोच व्यायाम करतो, ही शंका निरीक्षणात्मक अभ्यासांना ग्रासून होती. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या 'चॅलेंज' या चाचणीचे महत्त्व येथे आहे. मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रोगी यदृच्छेने दोन गटांत विभागण्यात आले. एका गटास तीन वर्षे मार्गदर्शनासह व्यायाम, दुसऱ्यास केवळ आरोग्यविषयक माहिती. आठ वर्षांनी पहिल्या गटात ९०.३ टक्के, तर दुसऱ्यात ८३.२ टक्के रोगी जिवंत असल्याचे अनुमान निघाले. माहितीपत्रक हाती देऊन माणूस चालू लागत नाही, हेही त्यातून ध्वनित होते.

तथापि या रोग्यांचे मध्यक वय ६१ होते. ऐंशीच्या घरातील रोग्यांस हे आकडे जसेच्या तसे लावणे अप्रशस्त ठरेल. स्नायू व सांधे यांच्या तक्रारीही व्यायाम करणाऱ्या गटात अधिक आढळल्या.

मग श्रमाचे प्रमाण कसे ठरवावे? 'व्यायाम' या शब्दात ताणण्याचा, विस्तारण्याचा अर्थ आहे. शरीर शिणवण्याचा नव्हे. सुश्रुतसंहितेत अर्ध्या बळानेच व्यायाम करावा असे सांगून, श्वास मुखावाटे येऊ लागणे ही त्याची खूण दिली आहे. आजची कसोटी हिच्या जवळची आहे: चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, तो मध्यम श्रम. अस्थींत रोग पसरला असल्यास किंवा उपचारांनी हृदय दुर्बळ झाले असल्यास ही कसोटी पुरेशी नाही. तेथे वैद्यकीय तपासणी आधी आणि चालणे नंतर.