नेटक्या सादरीकरणाचे मूल्यमापन

उत्कृष्ट प्रयोगाविषयी किंवा पूर्णपणे फसलेल्या प्रयोगाविषयी लिहिणे तुलनेने सोपे असते. अडचण येते ती या दोहोंच्या मधल्या सादरीकरणांची. तेथे बोट ठेवावे अशी चूक नसते आणि भारावून जावे असेही काही घडत नाही. मग आपण ‘ठीक होते’, ‘समाधानकारक झाले’ असे लिहून मोकळे होतो.

या शब्दांची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. यात्रांच्या हंगामात नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी ठरवायला येतात. तळेघर-डिंभे परिसरात राहणाऱ्यांना हे नवे नाही. गेल्या वर्षीचा खेळ ‘बरा झाला’ एवढीच आठवण गावात उरली असेल, तर व्यवहाराला बसताना तो शब्द फडमालकाला जड जातो. त्यात नारायणगाव हे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे गाव. दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळवणाऱ्या या कलावतीच्या मापाने प्रत्येक नर्तकीला मोजले, तर बहुतेक सगळ्याच उण्या ठरतील. असे माप थोर असले तरी मूल्यमापनाला निरुपयोगी असते.

त्याऐवजी सादरकर्त्याच्या वाट्याला कोणते काम आले होते, हे आधी पाहावे. तमाशात मागे उभा राहून झील धरणारा झीलकरी पुढे येऊन टाळ्या घेऊ लागला, तर गवळणीचा तोल जाईल. विलंबित ख्यालाला साथ करणाऱ्या तबलजीकडून प्रथम अपेक्षित असते ती ठेक्याची स्थिरता. ती इतकी सहज वाटते की श्रोत्याला तिची जाणीवही होत नाही.

क्रिकेटमधील एक उदाहरण अधिक बोलके आहे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास कसोटीत बापू नाडकर्णी यांनी इंग्लंडच्या पहिल्या डावात ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव होती, त्यातही सलग २१. एकूण धावा दिल्या ५ आणि बळी मिळाले शून्य. त्याच डावात चंदू बोर्डे यांनी पाच बळी घेतले. केवळ बळींचा रकाना पाहणारा नाडकर्णींना अपयशी म्हणेल. मात्र उलट टोकाला जाऊन त्यांना त्या डावाचे नायक ठरवणेही घाईचे होईल, कारण समोरचे फलंदाजही धोका पत्करायला तयार नव्हते. अचूकता किती आणि प्रतिस्पर्ध्याचा सावधपणा किती, याची वाटणी आकडे करून देत नाहीत. ती पाहणाऱ्यालाच करावी लागते, आणि समीक्षकाचे खरे काम येथे सुरू होते.

अर्थात, प्रत्येक बिनचूक सादरीकरण नेटकेच असते असे नाही. हौशी नाट्यस्पर्धेत पाठ केलेले संवाद न अडखळता म्हणणारा नट पुष्कळदा सहकलाकाराचे बोलणे ऐकतच नसतो. तो आपल्या वाक्याची पाळी येण्याची वाट पाहत असतो. हे अंग चोरणे आहे, आणि तसे स्पष्ट लिहावे. दुसरा एखादा नट दोनच वाक्ये बोलतो, पण इतरांचे संवाद चालू असताना त्याची नजर, त्याचे थबकणे यांमुळे प्रसंग खरा वाटतो. गुणपत्रिकेत दोघांनाही सारखेच गुण पडू शकतात.

सरावासाठी नुकत्याच ऐकलेल्या एखाद्या मैफलीवर चार ओळी लिहा. ‘तबल्याची साथ समाधानकारक होती’ असे वाक्य आले, तर ते खोडून त्या जागी एवढेच नोंदवा: गायकाने लांबवर आलाप नेला तेव्हा ठेका कसा राहिला, आणि समेवर दोघे कसे भेटले.