तिरकमठ्याचं पातं

माझा पुतण्या अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा तो मला एका दुकानात घेऊन गेला. तिथली एक अख्खी भिंत बाणाच्या पात्यांनी भरलेली. दोन धारांची, तीन धारांची, चार धारांची. काही कायमची उघडी, तर काही हरणाच्या अंगावर आदळल्यावर छत्रीसारखी उघडणारी. शंभर ग्रेनचं घ्यायचं की सव्वाशे, हा आणखी एक प्रश्न. शंभर ग्रेन म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅम. पुतण्या त्या वर्षी धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायला शिकत होता. (आमच्या वहिनींना हे अजून ठाऊक नाही. आता कळेल.)

"काका, तुम्ही सांगा, कोणतं घेऊ?" त्याने थट्टेत विचारलं.

"अरुंद, दोन धारांचं घे. आणि धार हातावरच्या केसांवर लावून बघ. केस निघाले नाहीत, तर बाण सोडू नकोस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. आयुष्यभर खतावण्या तपासणाऱ्या माणसाकडून त्याला ही अपेक्षा नव्हती. पण ही विद्या माझी नव्हेच, जव्हारची.

१९८६ साली माझी जव्हारच्या शाखेत बदली झाली. तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा व्हायला २०१४ साल उजाडावं लागलं. मुकणे राजांचं संस्थान, राजवाडा, थंड हवा असं बरंच ऐकून गेलो होतो. हाती आली ती एक राजदूत मोटारसायकल आणि एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतल्या कर्जांची यादी. शेळ्या खरोखर घेतल्या की नाहीत, हे पाड्यापाड्यांवर जाऊन मोजायचं.

मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावर असाच एका वारली म्हाताऱ्याकडे गेलो. शेळ्या मोजून झाल्या. कुडाच्या भिंतीवर तिरकमठा टांगलेला होता आणि शेजारी तीन बाण खोचलेले. एकाला पातंच नव्हतं, नुसतं लाकडाचं बोथट बोंड. दुसऱ्याचं पातं बोटाएवढं रुंद, बांबूच्या पानासारखं निमुळतं. तिसरं चांगलं तीन बोटं रुंद, दिसायला झोकदार.

"बाबा, हे तीन कशाला?"

"तू यातला कंचा घेशील भेकराला?" त्यांनीच मला विचारलं. वारली माणूस साहेबालाही 'तू' म्हणतो. त्यात उद्धटपणा नसतो.

मी अर्थातच रुंद पात्यावर बोट ठेवलं. मोठं पातं, मोठी जखम, सरळ हिशेब. म्हातारबाबा मनापासून हसले. "रुंद पातं बरगडीला अडतं. माझा कमठा बांबूचा हाय, बंदूक नाय."

मग त्यांनी समजावलं. बोथट बोंड पाखरांसाठी. मांस फाटत नाही आणि नेम चुकला तरी बाण झाडात रुतून बसत नाही. निमुळतं पातं भेकरासाठी. ते ट्रकच्या तुटलेल्या पाट्यातून लोहाराकडून ठोकून घेतलेलं होतं. आणि रुंद? ते कुणा शहरातल्या पाहुण्याने सांगून करून घेतलं आणि न्यायला विसरला!

यामागचं कारण मला पुढे वाचनातून उमगलं. बंदुकीची गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांच्या वेगाने जाते आणि धक्क्याने हाडं-मांस फोडते. बाणात तो जोर नाही. आजच्या यांत्रिक धनुष्याचा बाणही सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास जातो. बाण मारतो तो कापून, रक्त वाहवून. म्हणून रुंदीपेक्षा धार महत्त्वाची आणि धारेपेक्षाही जागा. खांद्यामागे, दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला, तर जनावर शे-दीडशे पावलांत पडतं. पोटात लागला, तर तासन्‌तास जगतं, पळत राहतं. हलक्या कमठ्याला रुंद पातं लावणं म्हणजे उसना रुबाब. विस्कॉन्सिनमध्ये मात्र पातं किमान ७/८ इंच रुंद हवं, असा नियमच आहे. त्यांची धनुष्यं तेवढी ओढ देतात.

आमचा कायदा वेगळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्यारांच्या व्याख्येतच धनुष्यबाण आहे. भेकर मारणं गुन्हा, आणि तो असायलाच हवा. जंगल उरलंय किती? तरीही १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने दगावल्याच्या बातम्या वाचताना मला ती कुडाची भिंत आठवली होती.

"आता मारता का?" मी दबकत विचारलं.

"सोडलं. कायदा नंतर आला."

तरुणपणी त्यांनी घाईत धार न लावता बाण सोडला होता. भेकराला लागला, पण भेकर पडलं नाही. दोन दिवस ते रक्ताच्या थेंबांमागे चालत राहिले. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला थेंब संपले. रात्री कुठूनतरी ओरडणं ऐकू येत राहिलं. "तिसऱ्या रोजी..." ते म्हणाले, आणि मी घड्याळ पाहिलं. अजून दोन पाडे बाकी होते. कागदावर अंगठा घेतला आणि उठलो.

ही हकीकत मी पुतण्याला त्या दुकानातच सांगितली. त्याने मला सॅक्स्टन पोपची गोष्ट सांगितली. हा कॅलिफोर्नियातला शल्यचिकित्सक. १९११ साली इशी नावाचा, आपल्या जमातीतला एकटा उरलेला आदिवासी तिथे रानातून बाहेर आला. पोप त्याच्याकडून धनुष्यविद्या शिकला. १९१६ साली इशी गेला. १९२३ साली पोपचं पुस्तक आलं आणि गोऱ्या माणसांत या शिकारीचा छंद वाढला. त्या भिंतीवरच्या पात्यांची वंशावळ अशी एका आदिवासीपाशी पोचते. गेल्या वर्षी जव्हारला दाभोसा धबधबा बघायला गेलो, तेव्हा एका टपरीवर शोभेचे रंगीत तिरकमठे टांगलेले दिसले. सगळ्यांची पाती तीन बोटं रुंद!

पुतण्याने अखेर अरुंद पातं घेतलं. नोव्हेंबरात त्याचा फोन आला. हरीण वीस पावलांवर दहा मिनिटं उभं होतं, पण समोर तोंड करून. त्याने बाण सोडला नाही. मला बरं वाटलं.

"काका, एक राहिलं," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी त्या बाबांना भेकर सापडलं का?"

१९८८ साली माझी बदली झाली. त्याआधी मी एकदा त्या पाड्यावर गेलो होतो, थकलेल्या हप्त्यासाठी. घर बंद होतं. शेजारचा म्हणाला, म्हातारा पावसाळ्यात गेला. मी वहीत नोंद केली आणि मोटारसायकल चालू केली.